ढगांची फिल्म बनवणारा मास्तर: व्हर्नर सुओमी

पावसाळा तोंडावर आला की आपल्या फोनवर एक गोष्ट हमखास उघडली जाते, ती म्हणजे ढगांचं सॅटेलाइट चित्र. अरबी समुद्रावरून पांढरे पुंजके सरकत किनाऱ्याकडे येतात, घाटाला अडतात, पसरतात. बोटाने मागे-पुढे करून आपण पाहतो आणि ठरवतो की उद्या ट्रेकला जायचं की घरी भजी खायची. हे इतकं सवयीचं झालंय की ही हलणारी चित्रं मुळात कोणी जमवली असतील, असा प्रश्नही पडत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मागच्या पावसाळ्यात एका सुट्टीच्या दिवशी इन्सॅटची चित्रं एकामागे एक लावून छोटं अ‍ॅनिमेशन बनवत होतो. हे सगळ्यात आधी कोणी केलं, ते शोधत मागे गेलो आणि एका नावापाशी पोचलो: व्हर्नर सुओमी. हवामानशास्त्रात त्यांना उपग्रह हवामानशास्त्राचे जनक म्हणतात. आपल्याकडे फार कोणाला हे नाव माहीत नाही. पण तुमच्या फोनवर ढग हलतात, त्यामागे या माणसाची एक साधी आणि भन्नाट कल्पना आहे.

आधी शाळामास्तर, मग शास्त्रज्ञ

सुओमींचा जन्म ६ डिसेंबर १९१५ चा, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या एव्हलेथ या गावचा. हा लोखंडाच्या खाणींचा भाग. घराणं मूळचं फिनलंडचं. फिनिश भाषेत फिनलंडलाच 'सुओमी' म्हणतात, म्हणजे आडनावातच देश.

१९३८ साली विनोनाच्या टीचर्स कॉलेजमधून पदवी घेऊन ते शाळेत शिकवायला लागले. विषय विज्ञान आणि गणित. हवामानाशी त्यांचा संबंध आला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. विमान उडवणाऱ्यांना हवामान कळावं लागतं, त्या निमित्ताने त्यांनी हा विषय घेतला आणि त्यातच अडकले. शिकागो विद्यापीठात कार्ल-गुस्ताफ रॉसबी यांच्या हाताखाली ते शिकले. रॉसबी म्हणजे वातावरणातल्या प्रचंड लाटांचं गणित मांडणारं त्या काळातलं मोठं नाव.

१९४८ मध्ये सुओमी विस्कॉन्सिन विद्यापीठात, मॅडिसन शहरात आले आणि शेवटपर्यंत तिथलेच राहिले. तिथला हवामानशास्त्राचा विभाग उभा करण्यात रीड ब्रायसन यांच्या जोडीला तेही होते.

मक्याच्या शेतापासून पृथ्वीपर्यंत

त्यांची पीएचडी १९५३ ची. विषय ऐकून हसू येईल: मक्याच्या शेताचा उष्णतेचा हिशोब. शेतावर सूर्याची किती ऊर्जा पडते, किती परत जाते, किती माती आणि हवा तापवण्यात खर्च होते, किती पाण्याची वाफ करण्यात जाते. घरखर्चाच्या वहीसारखा जमाखर्च, फक्त रुपयांऐवजी उष्णतेचा.

१९५७ साली रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला. अमेरिकेत उपग्रहांसाठी प्रयोग शोधायला सुरुवात झाली. सुओमींनी शेताचाच प्रश्न पूर्ण पृथ्वीला लावला. सूर्याकडून येणारी ऊर्जा आणि पृथ्वीवरून परत जाणारी ऊर्जा यांचा ताळेबंद नीट मांडायचा तर पृथ्वीच्या बाहेर उभं राहून मोजायला हवं. हवामान म्हणजे शेवटी याच उष्णतेच्या देवघेवीचा खेळ आहे. विषुववृत्ताकडे ऊर्जा जास्त जमते, ध्रुवांकडे कमी, आणि वारे, पाऊस, वादळं हा फरक भरून काढत राहतात.

यासाठी त्यांनी विद्यापीठातलेच इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक रॉबर्ट पॅरेंट यांच्याबरोबर एक उपकरण बनवलं. आरशांवर बसवलेले छोटे अर्धगोल, काही काळे, काही पांढरे. काळा सूर्यप्रकाशही शोषतो आणि पृथ्वीची उष्णताही. पांढरा सूर्यप्रकाश परत फेकतो, पण उष्णता शोषतो. दोघांच्या तापमानातला फरक मोजला की कुठली ऊर्जा किती, ते वेगळं काढता येतं. काळा शर्ट उन्हात जास्त तापतो, हे आपल्याला माहीत असतं. उपकरण त्याच तत्त्वावर चालणारं.

दोन रॉकेटं गेली, तिसरं टिकलं

२२ जून १९५९ रोजी हा प्रयोग घेऊन निघालेलं व्हॅनगार्ड रॉकेट कक्षेपर्यंत पोचलंच नाही. १६ जुलैला दुसरा प्रयत्न झाला. ते रॉकेट उडताच कलंडलं आणि साधारण साडेपाच सेकंदांत सुरक्षेसाठी उडवून द्यावं लागलं. महिन्याभरात दोनदा मेहनत राख झाली. आपल्याकडे सर्व्हर पडला तर बॅकअप असतो, इथे उपकरणच पुन्हा बनवायचं.

१३ ऑक्टोबर १९५९ ला एक्सप्लोरर-७ कक्षेत गेला आणि या वेळी उपकरण चाललं. पृथ्वीच्या ऊर्जेचा हिशोब अवकाशातून मोजायला इथून सुरुवात झाली. पुढे सुओमी आणि त्यांचे विद्यार्थी थॉमस व्हाँडर हार यांनी वेगवेगळ्या उपग्रहांची मोजणी एकत्र करून दाखवलं की पृथ्वी सूर्यप्रकाशाचा सुमारे ३० टक्के भाग परत फेकते. त्याआधी हा आकडा ३५ टक्क्यांच्या आसपास धरला जायचा. म्हणजे पृथ्वी वाटत होती त्यापेक्षा जास्त ऊर्जा स्वतःकडे ठेवत होती. हवामानबदलावरची आजची चर्चा याच ताळेबंदावर उभी आहे.

भोवऱ्यावर बसवलेला कॅमेरा

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. १ एप्रिल १९६० ला टायरॉस-१ हा पहिला यशस्वी हवामान उपग्रह गेला. त्याने ढगांचे फोटो पाठवले आणि सगळे खूश झाले. पण तो पृथ्वीपासून साधारण ७०० किलोमीटरवरून फिरत होता. त्यामुळे पृथ्वीचा एक तुकडा दिसायचा आणि उपग्रह पुढे जायचा. तोच तुकडा पुन्हा दिसेपर्यंत ढग बदललेले असायचे. क्रिकेटची मॅच दर तासाला एक फोटो पाहून समजून घ्यायची, तसा प्रकार.

सुओमींना मॅच लाइव्ह बघायची होती. त्यासाठी उपग्रह एका जागी थांबलेला दिसायला हवा. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर उपग्रह ठेवला तर तो पृथ्वीच्याच वेगाने फिरतो आणि आपल्याला आकाशात स्थिर वाटतो. यालाच भूस्थिर कक्षा म्हणतात. तिथून घेतलेल्या दोन चित्रांमध्ये जे सरकलेलं दिसेल, तो ढग.

अडचण वेगळीच होती. त्या काळचे असे उपग्रह स्थिर राहावेत म्हणून भोवऱ्यासारखे स्वतःभोवती फिरवत ठेवायचे, मिनिटाला साधारण १०० फेऱ्या. भोवरा फिरत असतो तोवर पडत नाही, तेच तत्त्व. पण गरगर फिरणाऱ्या वस्तूवरून फोटो कसा काढणार? सरळ मार्ग म्हणजे फिरणं थांबवणं किंवा कॅमेरा उलट दिशेने फिरवणं, आणि दोन्ही महागडं आणि किचकट.

सुओमी आणि पॅरेंट यांनी या फिरण्यालाच कामाला लावलं. उपग्रह एकदा फिरला की दुर्बीण पृथ्वीवरून आपोआप एक आडवी रेघ ओढते. मग दुर्बिणीचा कोन किंचित खाली करायचा. पुढच्या फेरीत खालची रेघ मिळते. मिनिटाला १०० फेऱ्या म्हणजे १०० रेघा. वीस मिनिटांत २,००० रेघा आणि पृथ्वीची पूर्ण बाजू तयार. डॉक्युमेंट स्कॅनर जसा कागद रेघ-रेघ वाचतो, अगदी तसं. फक्त इथे स्कॅनर हलवायची मोटर म्हणजे खुद्द उपग्रहाची गिरकी. या कॅमेऱ्याचं नाव पडलं स्पिन-स्कॅन क्लाउड कॅमेरा.

इंजिनिअर म्हणून मला यातला आणखी एक भाग जाम आवडतो. तेवढ्या उंचीवरून पृथ्वी फक्त सुमारे १७ अंशांत मावते. एक फेरी ०.६ सेकंदांची. म्हणजे दर फेरीत कॅमेऱ्याला पृथ्वी दिसते ती जेमतेम ०.०३ सेकंद. उरलेला वेळ तो रिकाम्या अवकाशाकडे बघतो. पुढच्या उपग्रहांमध्ये हा रिकामा वेळही वाया जाऊ दिला नाही. ०.०३ सेकंदांत धडाधड आलेला डेटा साठवायचा आणि उरलेल्या वेळात सावकाश पाठवायचा. त्यामुळे लहान अँटेना असलेल्या केंद्रांनाही तो पकडता येऊ लागला. आज आपण ज्याला बफरिंग म्हणतो, ते हेच.

डिसेंबर १९६६ मध्ये एटीएस-१ हा कॅमेरा घेऊन पॅसिफिक महासागराच्या वर गेला. खरं तर तो मुख्यतः दळणवळणाचे प्रयोग करण्यासाठी बनवलेला उपग्रह होता, कॅमेऱ्याला त्यात जागा मिळवावी लागली. नोव्हेंबर १९६७ मध्ये एटीएस-३ गेला आणि त्याने पूर्ण पृथ्वीचं रंगीत चित्र पाठवलं. चंद्रावर माणूस उतरायला तेव्हा दीड वर्षाहून जास्त वेळ होता. चित्रं ओळीने लावली की ढग चालू लागायचे. ढग किती सरकला आणि किती वेळात, हे मोजलं की वाऱ्याचा वेग मिळतो. जिथे जहाज नाही, बेट नाही, वेधशाळा नाही, अशा भर समुद्रावरचा वारासुद्धा.

चित्र होतं, पण पोचलं नाही

हे सगळं अमेरिकेच्या दोन बाजूंच्या महासागरांवर घडत होतं. आपल्या बाजूला काय होतं?

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री बंगालच्या उपसागरातलं चक्रीवादळ तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या, म्हणजे आजच्या बांगलादेशच्या किनाऱ्यावर धडकलं. भोला चक्रीवादळ. मृतांचा अंदाज ३ ते ५ लाख. ध्रुवीय कक्षेतल्या उपग्रहांच्या चित्रांत ते वादळ दिसलेलं होतं. पण ते उपग्रह एका जागेवरून दिवसातून एक-दोनदाच जायचे, आणि हिंदी महासागरावर नजर ठेवणारा भूस्थिर हवामान उपग्रह तेव्हा नव्हता. रेडिओवर काही इशारे गेलेही. मात्र पाणी किती वर चढणार आहे, कोणी कुठे जायचं, हे बेटांवरच्या माणसांपर्यंत कळेल अशा रीतीने पोचलं नाही.

सुओमींचं काम वाचताना मला ही घटना सारखी आठवत राहते. उपग्रहाला दिसणं आणि माणसाला कळणं, यांच्यामध्ये मोठं अंतर असतं. नुसता चांगला कॅमेरा ते अंतर भरून काढत नाही. आणि सुओमींच्या उरलेल्या आयुष्याचा बराचसा भाग याच मधल्या अंतरावर खर्च झाला.

संस्था, स्क्रीन आणि जॉयस्टिक

१९६५ मध्ये त्यांनी मॅडिसनला स्पेस सायन्स अँड इंजिनिअरिंग सेंटर सुरू केलं. नावातच सायन्स आणि इंजिनिअरिंग शेजारी-शेजारी. प्रश्न विचारणारा आणि यंत्र बनवणारा एकाच छताखाली बसावा, ही त्यामागची धारणा.

एटीएसची चित्रं येऊ लागली तेव्हा नवा पेच उभा राहिला. डेटा ढिगाने येत होता, बघायला साधन नव्हतं. फिल्मवर छापलेले फोटो हाताने जुळवून ढगांचा वेग मोजायला फार वेळ जायचा, आणि वादळ तेवढा वेळ थांबत नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला या केंद्राने मॅकिडास ही सिस्टिम बनवली. हवामानतज्ज्ञ स्क्रीनसमोर बसेल, चित्रं लूपमध्ये फिरवेल, जॉयस्टिकने ढगावर खूण करेल आणि कॉम्प्युटर वाऱ्याचा वेग काढून देईल. हे पर्सनल कॉम्प्युटर घरोघरी येण्याच्या आधीचं. तुम्ही फोनवर ढगांचा लूप बोटाने मागे-पुढे करता, तेव्हा मॅकिडासचाच दूरचा नातू वापरत असता. त्याची आजची आवृत्ती मॅकिडास-व्ही मोफत आणि ओपन सोर्स आहे.

१९७९ साली जगभरच्या शास्त्रज्ञांनी वातावरणाची एक मोठी एकत्रित मोजणी केली. त्यात आपल्या मान्सूनसाठीही खास मोहीम होती, मोनेक्स नावाची. त्यासाठी अमेरिकेने आपला गोज-१ हा उपग्रह सरकवून हिंदी महासागरावर आणला. हा उपग्रहही सुओमींच्याच पद्धतीने फिरत-फिरत चित्र घेणारा. त्याच्या चित्रांवरून मान्सूनच्या वाऱ्यांचा वेग विस्कॉन्सिनच्या लोकांनी काढला.

मग १९८३ मध्ये भारताचा इन्सॅट-१बी गेला आणि आपली स्वतःची नजर वर बसली. इन्सॅट मात्र भोवऱ्यासारखा फिरत नाही. त्याचं तोंड कायम पृथ्वीकडे असतं आणि आतला आरसा हलवून स्कॅन होतो. तंत्र पुढे गेलं. पण फिरणारा कॅमेरा संपलेला नाही. २०१६ पासून मेटिओसॅट-८ आणि २०२२ पासून मेटिओसॅट-९ हे युरोपचे उपग्रह हिंदी महासागरावर नेमले गेले. तेही मिनिटाला १०० फेऱ्या घेत, रेघ-रेघ करतच चित्र काढणारे.

शिकवणं सुटलं नाही

सुओमींना १९७७ मध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक देण्यात आलं. त्याआधी वर्षभर ते अमेरिकेच्या हवामान खात्याचे मुख्य शास्त्रज्ञही होते. तरी मूळचा मास्तर त्यांच्यात कायम राहिला. त्यांच्या हाताखाली तयार झालेले विद्यार्थी उपग्रह हवामानशास्त्रात सगळीकडे पसरले.

त्यांच्या केंद्रानेही तो वसा सोडला नाही. शाळकरी मुलांसाठी उन्हाळी कार्यशाळा, शिक्षकांसाठी धडे, गच्चीवरचे अँटेना दाखवणारी भेट, रेडिओवर लोकांच्या हवामानावरच्या प्रश्नांना उत्तरं, हे सगळं तिथे चालत आलंय. उपग्रहाचा डेटा थेट पकडून वापरता यावा म्हणून जगभरच्या केंद्रांना मोफत सॉफ्टवेअरही तिथून जातं.

हे काम 'साइड'चं वाटू शकतं. मला नाही वाटत. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा दापोलीजवळ राहणारे माझे मामा फोनवर ढगांचं चित्र बघत होते. दुपारचे बारा वाजत आले होते, फोन अजून लागत होता. चित्रावर ०६:०० लिहिलेलं. त्यांनी मला विचारलं की हे सकाळचं चित्र आहे, म्हणजे एव्हाना वादळ वरून सरकलं असणार, तर गोठ्यापर्यंत जाऊन येऊ का. मी त्यांना सांगितलं की मामा, ती वेळ आपली नाही, तिच्यात साडेपाच तास मिळवा. म्हणजे चित्र सकाळी साडेअकराचं, वादळ अजून यायचंय, दार लावून आत बसा. ते बसले. तासाभरात आंबा आणि सुपारीची झाडं आडवी व्हायला लागली.

चित्र अचूक होतं, वेळेवर पोचलंही होतं. फक्त चार आकडे कसे वाचायचे, हे कोणी सांगितलेलं नव्हतं. लोकांना शिकवणं हा उपग्रहाच्या कामाचाच भाग कसा असतो, ते मला तेव्हा नीट कळलं.

नाव पुन्हा आकाशात

३० जुलै १९९५ रोजी मॅडिसनमध्ये सुओमींचं निधन झालं. ऑक्टोबर २०११ मध्ये नासाने एक नवा हवामान उपग्रह सोडला आणि जानेवारी २०१२ मध्ये त्याला त्यांचं नाव दिलं: सुओमी एनपीपी.

या उपग्रहाशी तुमची ओळख नकळत झालेली असू शकते. दर दिवाळीला व्हॉट्सअ‍ॅपवर रंगीबेरंगी भारताचा 'अवकाशातून दिसणारी दिवाळी' म्हणून फोटो फिरतो ना? तो दिवाळीचा नाही. अनेक वर्षांची रात्रीची चित्रं एकत्र करून, कुठल्या काळात कुठे नवे दिवे लागले ते रंगांनी दाखवणारा तो नकाशा आहे. २०१२ मध्ये, दिवाळीच्या आदल्या रात्री म्हणजे १२ नोव्हेंबरला, सुओमी एनपीपीने टिपलेलं दक्षिण आशियाचं खरं चित्र नासाने प्रसिद्ध केलं आणि समजावून सांगितलं की पणत्यांचा जादा उजेड अवकाशातून जवळजवळ वेगळा ओळखू येत नाही. मास्तरांच्या नावाच्या उपग्रहाने धडाही चांगला दिला.

आज फोनवर एवढं करून बघा

हवामान खात्याचं 'मौसम' अ‍ॅप किंवा इस्रोची मॉसडॅक वेबसाइट उघडा आणि इन्सॅटची चित्रं शोधा.

पहिली गोष्ट: चित्रावरची वेळ बघा. यूटीसी किंवा झेड लिहिलं असेल तर ५ तास ३० मिनिटं मिळवा.

दुसरी: 'व्हिजिबल' चित्र हा साधा फोटो असतो, रात्री काळा दिसतो. 'इन्फ्रारेड' चित्र तापमान दाखवतं, म्हणून रात्रीही चालतं. त्यात जितका पांढराशुभ्र ढग, तितका त्याचा माथा थंड आणि सहसा उंच. जोरदार पावसाचे ढग बहुतेकदा असेच दिसतात.

तिसरी: एका चित्रावरून निष्कर्ष काढू नका, लूप लावा. ढग कुठून कुठे जातोय, ते पाहा. आणि वादळाच्या दिवसांत निर्णय मात्र हवामान खात्याच्या इशाऱ्यावरूनच घ्या, आपल्या अंदाजावरून नाही.

एवढं जमलं की घरातल्या एका मोठ्या माणसाला आणि एका लहान मुलाला शिकवा. साडेपाच तासांच्या हिशोबापासून सुरुवात केलीत तरी पुरे.